भट्टीनंतरचा आकडा

रविवार, ९ मार्च, सकाळी साडेअकरा. गोजे बेटावरच्या एका हमामात, बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत, ओक जंग-इम वजनकाट्यावर चढली. आकडा आला ७३.१. तिने तो लगेच भावाला कळवला. पुढच्या दहा दिवसांतली सगळी भांडणं या आकड्यातून निघाली. काटा मात्र बरोबर होता.

जंग-इम सेहेचाळीस वर्षांची, जहाजांच्या कारखान्यातल्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाकीण. तिचा भाऊ गी-चल एक्कावन्नचा, बुसानच्या इस्पितळात सहाव्या मजल्यावर. त्याचं यकृत संपलेलं. दारूने नव्हे, जुन्या काविळीने. हे तो ताट आणणाऱ्या बाईलाही न विचारता सांगतो. बहिणीचं यकृत त्याला जुळत होतं, पण त्यात चरबी जास्त होती. डॉक्टरांनी सहा आठवडे दिले: खाणं बेताचं करून चारेक किलो उतरवा, मग स्कॅन. स्कॅन बरा निघाला तर शस्त्रक्रिया. नाहीतर गी-चल मेलेल्यांच्या यकृतासाठी थांबलेल्यांच्या यादीत. त्या यादीत त्याच्या पुढे किती जण आहेत, हे कोणी सांगत नव्हतं.

लहानपणी गी-चल बहिणीला फुगा मासा म्हणायचा. आता त्याच फुग्या माशाचा तुकडा त्याला हवा होता, आणि तोही कमी चरबीचा. जंग-इमने हे त्याला तोंडावर ऐकवलं होतं. त्याने पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.

सलाईनच्या खांबाला त्याने एक कागद चिकटवला. वर लिहिलं: ७३.१. त्याखाली रोजचा आकडा यायचा होता.

सोमवारी पहाटे जंग-इम घरी, नव्या काट्यावर, इस्पितळातल्या नर्सने सांगितल्याप्रमाणे शौचाला जाऊन आल्यावर, उपाशीपोटी चढली. ७४.८. काटा तिरका असेल म्हणून तिने तो दुसऱ्या खोलीत नेला. ७४.८. काटा नवऱ्यानेच निवडून आणला होता, त्यामुळे तिने आधी नवऱ्याला झापलं.

सव्वासहाला गी-चलचा फोन वाजला.

"किती?"

"नमस्कार वगैरे काही?"

"किती, ते सांग."

"चौऱ्याहत्तर आठ."

"एका रात्रीत पावणेदोन किलो? जंग-इम, तू काय गिळलंस?"

"काल अर्धी वाटी भात, पालक आणि एक अंडं."

"शहामृगाचं का?"

ती खोटं बोलत नव्हती. सो नावाच्या त्या नर्सने तिला रोज दीड हजार कॅलरी ठरवून दिल्या होत्या, आणि कॅन्टीनमधल्या चाखण्याचे चमचेसुद्धा लिहायला लावले होते. पहिल्या दिवशी चमचे भरले एकतीस. चारशे माणसांचं सूप चाखल्यावाचून होत नाही, असं तिने सांगितलं. नर्स म्हणाली, मग शेजारणीला चाखू दे. शेजारणीने आनंदाने चाखलं. आठवडाभर सगळ्या कारखान्याने खारट सूप प्यायलं.

मंगळवारी ७४.३. बुधवारी ७३.९. गुरुवारी ७३.६. रोज उतरत होतं, पण कागदाच्या माथ्यावर ७३.१ बसलेलं, त्यामुळे गी-चलच्या हिशोबाने बहीण अजून फुगलेलीच होती, रोज थोडी कमी, एवढंच. बायकोकडून लाल पेन मागवून त्याने चारही आकड्यांना गोल केले.

शुक्रवारी सकाळी ७३.७, आणि संध्याकाळी बापाचं श्राद्ध. दरवर्षी गी-चल घालायचा. यंदा तो आडवा, म्हणून जंग-इमकडे आलं. बाप ज्या दारूने गेला तीच त्याला तीनदा वाहिली. पुढे खारवलेला मासा, डुकराच्या मांसाचे तळलेले वडे, मुळ्याचं सूप. वाहिलेलं अन्न मागाहून घरच्यांनी खायचं असतं, आणि पानावर बसून नाही म्हणणारीकडे मोठी काकू ज्या नजरेने बघते ती सोसण्यापेक्षा वडा सोपा. जंग-इमने दोन वडे खाल्ले, माशाचा तुकडा आणि वाटीभर सूप. चमच्यांसकट सगळं वहीत लिहिलं.

शनिवारी ७४.९.

"बापाने मेल्यावरही माझं लिव्हर घेतलंच," गी-चल फोनवर म्हणाला. आवाज मोठा नव्हता. दोन दिवसांपासून त्याचे डोळे जास्त पिवळे दिसतात, हे वहिनीने हळूच सांगितलं.

त्या आवाजाने जंग-इम घाबरली. रविवारी घरच्या काट्यावर ७४.६ बघून तिने चहासुद्धा घेतला नाही आणि हमाम गाठला. मातीच्या भट्टीत, म्हणजे घाम गाळायच्या तापलेल्या खोलीत, ती चार तास बसली, पाण्याचा थेंब न घेता. मग दगडी ओट्यावर आडवी झाली. अंग घासून देणारी पिलनाम मावशी अडुसष्ट वर्षांची. गावातल्या निम्म्या बायकांचा मळ तिने काढलेला, म्हणून त्यांच्याबद्दलची मतंही तिची पक्की.

"उताणी हो. काय गं, वाळलेल्या बोंबलासारखी झालीस."

"मावशी, वजन उतरत नाही."

"घरच्या काट्याचं काय घेऊन बसलीस? भट्टीआधीचं वजन आपलं नसतंच मुळी. त्यात घाम असतो, मळ असतो, सासूचं बोलणं असतं. घासून झाल्यावर उरतं ते आपलं."

या हमामात सगळ्याच बायका असं मानतात. आत येताना काट्याकडे कोणी बघत नाही. जाताना रांग लागते. जंग-इमही वीस वर्षं त्या रांगेत होती. आकडा आला ७२.२. तो ऐकून गी-चलने खुशीत शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला नासपतीचा डबा देऊन टाकला.

सोमवारी पहाटे ७४.४. दहा वाजता कॅन्टीनमध्ये तिच्या हातून मोठा डाव निसटला आणि ती भाताच्या पिंपाला टेकून खाली बसली. उठवलं तेव्हा पहिला प्रश्न तिने विचारला, "आता मोजलं तर कमी येईल का?"

शेजारणीने नर्सला फोन लावला. मंगळवारी सो नर्सने तिला इस्पितळात बोलावून घेतलं, वही पाहिली आणि खांबावरचा कागद काढून आणायला सांगितला. गी-चल कागदामागोमाग खांबासकट आला.

"हा पहिला आकडा कधीचा?" नर्सने विचारलं.

"रविवारचा. हमामातला."

"भट्टीआधी की नंतर?"

"नंतर. आधी कोण मोजतं?"

नर्सने पेन खाली ठेवलं. "बाई, घाम गाळून आलेला आकडा तो. तुम्ही दहा दिवस त्याच्याशी शर्यत लावलीत. तो पाण्याचा आकडा आहे, चरबीचा नाही. खारट खाल्लं की पाणी अंगात थांबतं, वजन चढतं. दोन दिवसांनी जातं. पाळीच्या आधीही चढतं. सुरुवातीचे आठवडे असेच वरखाली होतात."

"मग ते पावणेदोन किलो गेलं कुठे?" गी-चल.

"हमामाच्या गटारात," जंग-इम म्हणाली. "जाऊन भरून आण."

"मी डॉक्टरांशी बोलतो. आकडे बदलून घेतायत या दोघी."

"तुम्ही खाटेवर जा," नर्स म्हणाली. तिने ७३.१ आणि ७२.२ खोडले, पहिल्या सोमवारपासून रविवारपर्यंतच्या सात सकाळींची सरासरी काढली: ७४.३. "रोज मोजा, पण आठवड्याची सरासरी फक्त मला कळवा. यांना नाही. भट्टी बंद. पाणी प्यायचं. स्कॅन घामाने फसत नाही."

पुढचे आठवडे असे: ७३.६, ७३.१, ७२.४. गी-चल रोज सव्वासहाला फोन करायचा, जंग-इम रोज सांगायची नाही. मग तो म्हणायचा, "श्वासावरून तरी वाटतं उतरलीस," आणि ती फोन ठेवायची.

पाचव्या आठवड्यात पुन्हा ७२.४. सात सकाळी काटा शंभर ग्रॅम इकडे, शंभर तिकडे. शनिवारी वहिनीचा फोन आला: रात्री त्याला भान नव्हतं, त्याने दोनदा मला माझ्याच बहिणीच्या नावाने हाक मारली. जंग-इम पिशवीत टॉवेल टाकून हमामापर्यंत गेली. दारात पिलनाम मावशी लसूण सोलत होती.

"ये. आज भट्टी मस्त तापलीय. दोन किलो कुठे जातील कळणार नाही."

"कळतं मला कुठे जातात," जंग-इम म्हणाली. तिने मावशीबरोबर गड्डाभर लसूण सोलला, दोन पेले पाणी प्यायली आणि घरी गेली.

सहाव्या आठवड्याची सरासरी ७१.६. चार किलो व्हायला तेराशे ग्रॅम कमी पडले. हे तिने नर्सला सांगितलं, तेव्हा नर्स म्हणाली, "निकाल काटा देत नाही."

सोमवारी, २१ एप्रिलला, सकाळी नऊ चाळीसला स्कॅन झाला. अहवाल दुपारी तीनला येणार होता. जंग-इम सहाव्या मजल्यावर भावाच्या खाटेशेजारी बसली. बाराला त्याचं ताट आलं: बिनमिठाची पेज, वाफवलेला भोपळा, माशाचा तळहाताएवढा तुकडा. त्याने अर्धा मासा तिच्या बाजूला सरकवला.

"खा. आता काय, मोजणं संपलं."

"किती ग्रॅम असेल हा?"

"मला काय विचारतेस, फुग्या माशा. वही तुझी."

तिने वही काढली, अंदाजाने चाळीस ग्रॅम लिहिले आणि खाल्लं. तीन वाजून गेले. चार वाजता नर्स सो दारातून डोकावली आणि म्हणाली, डॉक्टर एकदा आधीचा स्कॅन शेजारी ठेवून बघतायत. साडेचारपर्यंत ती परत आली नव्हती.