देवीच्या नावानं सोडलेला

मी देवीचा कोंबडा बोलतोय. जरा लवकर ऐका, कारण मला धड उभं राहता येत नाहीये. मान आपोआप मागे वळतेय, पाय ओढले जातायत, आणि सकाळपासून तीनदा जोर लावला तरी गळ्यातून आवाज निघत नाहीये. माझ्या! माझ्या आरवण्यानं समोरच्या टॉवरचा सहावा मजला शिव्या घालायचा!

दिवा गावात सखुबाईच्या परसात मी जन्मलो. तिचा नातू मयूर घरी बसलेला, तेव्हा तिनं गावदेवीला नवस केला. पोराला वागळे इस्टेटीत नोकरी लागू दे, लाल तुऱ्याचा कोंबडा वाहीन. नोकरी लागली. तुरा माझाच लाल. तेव्हापासून दाणे आधी मला, मग बाकीच्यांना. चैत्रातल्या जत्रेत माझं काय होणार ते ठाऊक होतं, पण चैत्र लांब होता.

माघात मयूरची बहीण दिशा थर्मासात बर्फ घालून कल्याणहून लस घेऊन आली. "मानमोडीची आहे, आजी. यात रोगाचाच विषाणू असतो, पण दुबळा केलेला. अंगाला एकदा त्याची ओळख पटली, की खरा आला तरी अंग त्याला पुरून उरतं."

आजी ऐकतेय कुठे! तिनं मला उचललं, मागच्या मोरीत नेलं आणि डालग्याखाली कोंडलं. बांबूचं ते डालगं हलू नये म्हणून वर दगड ठेवला. "गप रे. सुई लागली का डाग लागला. देवीला डागी कोंबरा चालाचा नाय."

बाहेर एकेका कोंबडीच्या पंखात सुई जात होती. काय तो कलकलाट!

"आजी, देवीचा कुठाय?"

"गेला असंल खाडीकडं."

दिशा हाका मारत मोरीपर्यंत आली. फटीतून तिची चप्पल दिसली. एक बांग दिली असती तर सापडलो असतो. पण खोटं कशाला बोलू, मलाही सुईची भीती वाटली. जन्मात पहिल्यांदा मी गप्प बसलो. लस गरम व्हायच्या आत संपवायची म्हणून दिशा घाईनं शेजारी गेली.

महिन्यानं शेजाऱ्यांनी बाजारातून दोन नव्या कोंबड्या आणल्या. चार दिवसांत दोन्ही मेल्या. मग मी पडलो. माझ्याच वाडग्यात पाणी पिणाऱ्या आमच्या आठ कोंबड्या मात्र खुशाल उकिरडा उकरतायत.

आज आजीच दिशाच्या मागे लागली. "टोच ना गो त्याला! डाग लागला तं लागला."

"आजी, ते औषध नाही गं. लस आधी द्यायची असते. आता काही उपयोग नाही."

"मी देवीसाठीच लपवलेला गो..."

"देवीनं सांगितलेलं का लपव म्हणून?"

आजी पदरानं माझी चोच पुसत बसली. जत्रा आठ दिवसांवर आलीय. माझ्या अंगावर सुईचा एक डाग नाही, आणि तरी मी देवीला चालणार नाही. फार वाईट वाटतंय हो.

तिकडे तांबडी अंड्यांवर बसलीय. तिची पिल्लं मोठी झाली की त्यातला एखादा तुम्ही देवीच्या नावानं सोडाल. सोडा, माझं काही म्हणणं नाही. पण आधी टोचा. आणि त्या दिवशी तो हाकेला आला नाही, तर मोरीतलं डालगं तेवढं उचलून बघा.