टँकरजवळची मोटरसायकल

भर दुपारी रहिमतपूरजवळच्या एका मंगल कार्यालयात मिट्ट काळोख होता. शटर खाली ओढलेलं, खिडक्यांवर सतरंज्या, कोपऱ्यात एकच निळा दिवा, आणि धूप इतका की शेजारचा माणूस खोकल्यावरच कळावा. त्या काळोखात पाच-सहाशे माणसं मांडी घालून डुलत होती. पडद्याआडून घुमणारा आवाज यायचा, "शांऽऽत... व्हाऽऽ..." की बायका हुंदके द्यायच्या, गडीमाणसं डोळे पुसायची, एखादी तर केस सोडून घुमायलाच लागायची. हा आवाज नादबाबांचा. आधी नाद, मग दर्शन, अशी त्यांची रीत.

"माझ्या नादाच्या लहरी रक्तात शिरतात," बाबा सांगत, "आणि साखर विरघळवतात! सुया टोचून घेऊ नका. लहरी बिथरतात!"

अहो, रक्तातली साखर विरघळलेलीच असते, तुम्ही आणखी काय चमचा घालून ढवळणार? पण विचारतो कोण!

मी नानासो. शाळेत विज्ञान शिकवतो आणि सुट्टीला बैलगाडी शर्यतींचं समालोचन करतो. पहिल्याच दिवशी ओळखलं, हा गडी आपल्याच लाइनीतला! मैदानात मी आवाज चढवला की काठी टेकत आलेला म्हातारा शेजाऱ्याच्या पाठीत गुद्दा घालून नाचतो. आवाज उतरवला की हजारो माणसं खाली बसतात. मला कुणी महाराज म्हणत नाही, कारण मी उजेडात बोलतो.

हसून सोडून दिलं असतं, पण पहिल्या रांगेत माझी थोरली बहीण होती. धोंडुआक्कानं बाबांच्या नादी लागून इन्सुलिन बंद केलं होतं. पायाची करंगळी काळी पडलेली. डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलेलं, असंच चाललं तर पाय काढावा लागेल. तिची सून समीक्षा रोज सुई घेऊन मागं लागायची, आक्का हात झटकायची.

"नानासो, बाबा बोलाय लागले की अंगावर काटा येतो रं माझ्या! तुमच्या सुईनं येतो व्हय?"

काटा तर खराच येत होता.

बाबांचा साऊंडवाला जोतिबा. शर्यतीत माझाही तोच. त्याला गाठलं. "बाबा जेवायला गेले की माईक मला दे."

"मास्तर, माणसं तुडवत्याली आपल्याला!"

"लहानपणी आक्काच्या भाकरी किती हाणल्यास, आठवतंय का?"

जोतिबानं कपाळावर हात मारला आणि एकोचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

बाबा सरपंचांकडे बासुंदीवर बसले होते. मी पडद्याआड उभा राहिलो, घसा खाली उतरवला आणि शर्यतीच्या सूचना सुरू केल्या. एक अक्षर बदललं नाही.

"दोरीच्याऽऽ... आतऽऽ... येऊ नकाऽऽ..."

सभा डुलायला लागली. पुढं कुणीतरी हुंदका दिला.

"बैलांनाऽऽ... चाबूकऽऽ... मारू नकाऽऽ..."

दोघी घुमायला लागल्या. माझाच विश्वास बसेना! म्हटलं, होऊन जाऊ दे.

"पाण्याच्याऽऽ... टँकरजवळऽऽ... मोटरसायकली... लावू नकाऽऽ..."

एक गडी धाय मोकलून रडायला लागला. "चुकलो महाराज! लावली व्हती! माफ करा!"

जोतिबा तोंडात रुमाल कोंबून खाली बसला. मलाही हसू आवरेना. "एको बंद कर, शटर वर घे!" मी ओरडलो. लख्ख ऊन आत आलं. पडदा सारून पुढं झालो आणि शर्यतीचा आवाज लावला, "ओऽ टँकरजवळची मोटरसायकल! काढा ती! गाडी सुटलीऽ, गाडी सुटलीऽऽ!"

शिट्ट्या झाल्या! मागचे चौघं चावी चाचपत खरोखर दाराकडे पळाले. बाहेर टँकर कुठला आलाय! मघाशी रडणारा गडी सगळ्यांत पुढं.

मग मात्र सभेत कुजबुज, खुसखुस, आणि असा हशा पिकला की पत्रे वाजले. आक्का तेवढी हसली नाही.

"मघा तू व्हतास? मग माझ्या अंगावर काटा आला तो?"

"काटा खरा, आक्का. अंधार, धूप, घुमणारा आवाज, आणि शेजारची रडतेय म्हणून आपणही. कुणालाही येतो. साखर उतरते ती मात्र थाप."

आक्कासोबत आलेली समीक्षा साखर तपासायचं यंत्र घेऊन पुढं झाली. "आई, बोट द्या. ह्याला कान न्हाईत. कुणी कसं बी बोललं तरी हे भुलत न्हाई."

आक्कानं बोट दिलं. आकडा आला, चारशे ऐंशी. हशा पटकन थांबला.

तेवढ्यात ओठाला बासुंदी लावलेले बाबा आले. "शांत व्हा," म्हणाले. ऊन होतं, एको नव्हता. आवाज सर्दी झाल्यासारखा निघाला.

"आवाज वाढवा!" मागून कुणीतरी ओरडलं.

बाबांनी गाडी गाठली, ती बरोबर त्या नसलेल्या टँकरजवळच लावलेली होती.

माझं सांगणं इतकंच. रडा, डुला, शिट्ट्या मारा, आवाजात ती ताकद आहेच. पण अंगावरच्या काट्याला कुणी औषध म्हणायला लागला, की दिवे लावा, एको बंद करा आणि तेच वाक्य पुन्हा म्हणायला सांगा. तरीही खरं वाटलं, तर तपासून बघा.

आक्काची करंगळी गेली, पाय वाचला. परवा त्या पायावर उभी राहून ती शर्यत बघत होती. मी आवाज चढवला तशी तिनं दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली.

"आई, इंजेक्शन?" समीक्षानं विचारलं.

"घेतलंय गं सकाळीच. आता वरडू दे मला!"