एकशे अठ्ठावीस आवाजांची नावं

धाकटा अठ्ठेचाळीस वर्षांचा होता, केस पिकले होते, त्याचे दोन विद्यार्थी तर वयाने त्याच्याहून मोठे होते. पण घरात तो धाकटाच. त्याला जन्मापासून दिसत नव्हतं. त्याचं गाऱ्हाणं त्याने कधी केलं नाही, त्याचं गाऱ्हाणं असायचं ते कीबोर्डच्या स्क्रीनबद्दल. "पट्ट्या हाताला कळतात, बटणं हाताला कळतात," तो म्हणायचा, "आणि त्या मेल्या काचेवर काय लिहिलंय ते मात्र ताईला विचारा."

म्हणून गेली एकोणीस वर्षं ताई दर शनिवारी स्टेजवर त्याच्या डाव्या हाताला, बुटक्या स्टुलावर बसत होती. तो कुजबुजायचा, "चौऱ्याहत्तर." ती डायल फिरवून चौऱ्याहत्तर नंबरचा आवाज लावायची. डायल गरागरा फिरणारी, तिला ना सुरुवात ना शेवट. आपण कुठल्या आकड्यावर आहोत हे न बघता कळायची सोय नव्हती. लोक टाळ्या वाजवायचे तेव्हा ताईची नजर पुढच्या आकड्यावर असायची.

हे सगळं बदलू शकतं असं त्यांना चिमट्याने सांगितलं. चिमटा म्हणजे दुरुस्तीवाली. केसांत पिनेच्या जागी चिमटा खोवलेला असायचा, म्हणून हे नाव. तिच्या दुकानात उघडे पडलेले अॅम्प्लिफायर, दात पडलेले कीबोर्ड आणि बसायला एकच खुर्ची होती. ती खुर्ची तिने धाकट्याला दिली.

"यंत्राच्या पोटात त्याचा स्वतःचा एक प्रोग्रॅम असतो, फर्मवेअर," ती म्हणाली. "एका निवृत्त इंजिनियरने तुमच्या मॉडेलसाठी तो नव्याने लिहिलाय. फुकट वाटतो बिचारा. हेडफोन लावला की यंत्र बोलतं. डायल फिरवली की आधी आकडा, मग आवाजाचं नाव, एकेक अक्षर."

"म्हणजे मला एकट्याला जमेल?" धाकट्याने विचारलं.

"जमेल. पण कंपनीचा याला पाठिंबा नाही. घालताना मध्येच काही अडलं तर यंत्र मेलं, आणि याची चिप आता मिळत नाही. मी दोन यंत्रांवर घातलंय. एक मस्त चालतंय."

"आणि दुसरं?"

"दुसऱ्यावर मी चहाचा कप ठेवते."

धाकटा मोठ्याने हसला आणि शुक्रवार सकाळ ठरवून मोकळा झाला. ताई हसली नाही. यंत्र मरेल याची तिला भीती होतीच, पण खरी धास्ती वेगळीच होती. यंत्र नावं वाचणार होतं.

त्या यंत्रातले एकशे अठ्ठावीस आवाज धाकट्याने स्वतः घडवले होते, कानाने, खटके आणि दांड्या सरकवत, एकेकावर आठवडा आठवडा घालवून. आवाज मनासारखा झाला की तो म्हणायचा, "याला 'संध्याकाळची व्हायोलिनं' असं नाव दे." ताई म्हणायची, "दिलं." आता नावाला जागा इंग्रजी बारा अक्षरांची, त्यात प्रत्येक अक्षर डायल फिरवून शोधायचं. एवढं मोठं नाव बसणार कसं? तिने लिहिलं 'रडकं'. त्याला कुठे दिसणार होतं? पुढे पुढे तिला त्यात मजा यायला लागली. अॅकॉर्डियनचं नाव 'सर्दी'. त्याने दीड महिना खपून केलेल्या तुतारीचं नाव 'म्हैस'. आणि मग, दिवस तसेच होते म्हणून, ती दुसरंही काही लिहायला लागली, जे तिने कोणाला तोंडाने सांगितलं नव्हतं.

सोमवारपासून ती नावं बदलायला बसली. धाकटा शिकवण्यांना बाहेर पडला की यंत्र चालू करायचं आणि एकेक नाव शहाण्यासारखं करायचं. एका नावाला पाच-सहा मिनिटं जायची. बुधवारी तो लवकर परतला.

"काय करतेयस गं?"

"धूळ पुसतेय."

"डायल फिरवून?"

"डायलवरचीच धूळ आहे."

तो गालातल्या गालात हसला, आणि ताईला दरदरून घाम फुटला. गुरुवार संपला तेव्हा ती एकसष्ट नंबरपर्यंत पोचली होती.

शुक्रवारी सकाळी चिमट्याने यंत्र टेबलावर आडवं ठेवलं. "आधी सगळे आवाज कार्डावर उतरवून घेते. नव्या प्रोग्रॅममध्ये आतलं सगळं पुसलं जातं. घेऊ ना उतरवून?"

धाकटा तेव्हा दाराशी कोणाशी तरी फोनवर बोलत होता. प्रश्न ताईला होता. एक 'नको' म्हटलं असतं, किंवा कार्ड नीट बसवलं नसतं, तर नावं गेली असती आणि कोणाच्या बापाला कळलं नसतं. आवाजही गेले असते, एकोणीस वर्षांचे. ताईच्या मनात ते आलं, खरंच आलं, आणि आल्यावर तिला स्वतःची इतकी लाज वाटली की ती जवळजवळ ओरडलीच, "उतरवा! दोनदा उतरवा!"

मग काम सुरू झालं. स्क्रीनवर एक काळी पट्टी उजवीकडे सरकायला लागली. "अकरा मिनिटं," चिमटा म्हणाली, "कोणी वायरला पाय लावू नका." धाकट्याने यंत्राच्या कडेवर तळहात ठेवला. सातव्या मिनिटाला पट्टी थांबली आणि स्क्रीन पांढरी झाली. चिमट्याने केसांतला चिमटा काढला, परत खोवला. "काय झालं?" धाकट्याने विचारलं, आणि सवयीने ताईनेच सांगितलं, "काही दिसत नाहीये रे." तेवढी चार मिनिटं तिघांचाही जीव टांगणीला लागला होता. नंतर यंत्राने एक बारीक टक् असा आवाज केला, पट्टी पूर्ण झाली, आणि चिमट्याने कार्डावरचे सगळे आवाज परत यंत्रात भरले.

घरी आल्यावर धाकट्याने हेडफोन लावला. ताईला वाटलं होतं, तो एकपासून सुरुवात करेल, एकसष्टपर्यंत पोचायला संध्याकाळ होईल. पण डायल उलटी फिरवून तो थेट एकशे अठ्ठावीसवर गेला. तो अक्षरं ओठांवर जुळवत होता. आधी तो खो खो हसला. "म्हैस? ताई, माझ्या तुतारीला म्हैस?" ती म्हणाली, "आहेच तशी." 'सर्दी'ला त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग शंभराच्या अलीकडे कुठेतरी त्याचं हसू थांबलं. "के, ए, डी, एच, आय," तो हळूहळू म्हणाला. "कधी. एस, ए, एम, पी, ई, एल. कधी संपेल." त्याने आणखी एक खटका फिरवून पुढचं नाव जुळवलं. "आता पुरे."

त्याने हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"हे कधी लिहिलंस?"

"सहा वर्षं झाली. अंगात ताप होता, आणि तुझे त्या आठवड्यात तीन कार्यक्रम."

"मग सांगायचं नाहीस?"

"सांगून काय झालं असतं? स्क्रीन कोण बघणार होतं?"

त्याने हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली. "मला वाटायचं तुला आवडतं."

"आवडायचंही रे," ताई म्हणाली. "खोटं नाही सांगत. पण एकोणीस वर्षांत एकही शनिवार माझा नव्हता. मलाच माझा राग यायचा, आणि तो मी तुझ्या व्हायोलिनवर काढायचे."

"मी हे तुझ्यासाठी करून घेतलं असं सांगितलं असतं तर बरं दिसलं असतं," धाकटा म्हणाला. "पण तसं नाहीये. मला एकट्याला वाजवायचं होतं, बस. तुझा विचारच माझ्या मनात आला नाही. तो यायला हवा होता." ताईने त्याच्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी मारायची तशी, आणि चहा टाकायला उठली. स्वयंपाकघरात जाऊन ती थोडी रडली, आणि तिला हलकं वाटलं.

शनिवारी स्टेजवर बुटकं स्टूल नव्हतं. ताई सातव्या रांगेत बसली. हात कुठे ठेवायचे हेच तिला सुचेना. पहिल्या तीन गाण्यांत सगळं सोळा आणे ठीक झालं. चौथ्यात यंत्राने घात केला. एकच सूर अडकला आणि हॉलभर लांबत राहिला. धाकट्याने पट्टीवरून बोटं उचलली तरी तो थांबेना.

ताई उठून उभी राहिली. शेजारच्या बाईंनी तिला वाट द्यायला गुडघे आवरले.

स्टेजवर धाकट्याने यंत्राच्या मागे हात घालून बटण बंद केलं. सूर तुटला. "मंडळी," तो म्हणाला, "याला नवीन डोकं बसवलंय, त्याला अजून माझी सवय नाही. चाळीस सेकंद द्या." लोक हसले. त्याने बटण परत चालू केलं, हात मांडीवर ठेवले आणि थांबला. मान किंचितही डावीकडे वळली नाही. मग हेडफोन कानाला दाबून तो डायल फिरवायला लागला, एकेक खटका, ऐकत, शोधत.

"जायचंय ना तुम्हाला?" शेजारच्या बाईंनी विचारलं.

"नाही," ताई म्हणाली आणि खाली बसली.

तो आता कुठला आवाज लावणार, हे तिला ठाऊक नव्हतं. ती इतरांसारखीच वाट बघत राहिली.