उकिडवे नापास

सरकारने इन्स्पेक्टरांच्या फेऱ्या बंद केल्या त्या दिवशी बाबांनी गिऱ्हाइकांना चिवडा फुकट चाखू दिला. बिबवेवाडीतल्या आमच्या 'उकिडवे फराळ'च्या भिंतीवर 'चव पाहायला मिळणार नाही. विश्वास नसेल तर घेऊ नये' अशी पाटी बाबांच्याच अक्षरात माझ्या जन्माआधीपासून टांगलेली आहे. तेव्हा प्रसंग केवढा मोठा होता ते समजून घ्या.

मी तर नाचायचीच बाकी होते. आयटीतली नोकरी सोडून मी दुकानात आले, तेव्हा गल्ल्याकडे बोट दाखवून बाबा म्हणाले होते, "जोवर इन्स्पेक्टर येतोय तोवर इथे मीच बसणार. तू त्याच्याशी भांडशील. ज्या दिवशी सरकार आपला पिच्छा सोडेल, त्या दिवशी गल्ल्याची किल्ली तुझी, तनया." सरकार काही आपल्या हयातीत पिच्छा सोडत नाही, असा त्यांचा हिशेब. आणि सोडला की हो! राज्याचा नवा नियम आला. छोट्या दुकानांत यापुढे कोणी तपासायला येणार नाही. मालकानेच आपलं दुकान तपासायचं आणि सगळं ठीक आहे असं लिहून द्यायचं.

"बाबा, किल्ली," मी हात पुढे केला.

"देतो. आधी तपासणी होऊ दे. सरकारने माझ्यावर विश्वास टाकलाय, कुठल्या सोम्यागोम्यावर नाही."

आता आमच्या बाबांचा, म्हणजे शरच्चंद्र उकिडव्यांचा, जगात कोणावरच विश्वास नाही. त्यात ते स्वतःही येतात, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. ते चपला काढून परक्यासारखे दारातून आत आले आणि संशयाने बघायला लागले. वजनकाटा तपासला. मग वजनकाटा तपासायला वापरलेलं वजन तपासलं. चकलीच्या डब्यामागे कोळ्याचं जाळं निघालं तेव्हा "लाज नाही वाटत?" असं मोठ्याने ओरडले. डबे रोज तेच पुसतात. संध्याकाळी शटरवर नवी पाटी लागली: 'मालक स्वतःच्या तपासणीत नापास झाल्याने दुकान बंद आहे. कारणे विचारू नयेत.'

दिवाळी आठवड्यावर आलेली! सकाळी दुकानासमोर ही गर्दी.

"अहो उकिडवे, तपासणारे तुम्हीच ना? मग करा की पास!" एक आजोबा ओरडले.

"ओळखीने पास करत नाही आम्ही," बाबा शटरच्या आतून म्हणाले.

जाळं केव्हाच निघालं होतं. पण बाबांना कुठेतरी अजून चूक असणारच अशी खात्री होती आणि ती सापडेपर्यंत ते सही करेनात. गिऱ्हाइकं एकेक करून समोरच्या फरसाणवाल्याकडे वळायला लागली. माझा संताप संताप झाला. दिवाळीचा धंदा गेला तर किल्ली घेऊन मी काय कानात घालू?

शेवटी बाबांनी कोणाला फोन करावा? यज्ञेश्वर साहेबांना. म्हणजे ज्यांच्या नावाने आयुष्यभर बोटं मोडली, त्या इन्स्पेक्टरलाच! "साहेब, एकदा येऊन जा. नेहमीसारखं."

साहेब स्वारगेटहून बसने आले. पिवळा टी-शर्ट घालून. त्यांना इस्त्रीच्या शर्टाशिवाय आम्ही कधी पाहिलंच नव्हतं.

"मला आता तपासायचा अधिकार नाही," ते मजेत म्हणाले. "मी गिऱ्हाईक म्हणून आलोय. अर्धा किलो अनारसे द्या."

"दुकान बंद आहे."

साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. आईने पाणी दिलं. मलाही हसू आवरेना आणि त्या हसण्यातच मी बाबांच्या हातातला तपासणीचा सरकारी कागद ओढला. "मालकाने किंवा मालकाने नेमलेल्या माणसाने, असं छापलंय इथे. नेमा मला."

"तू? मुलगी आहेस माझी. वशिला होईल."

"आपलीच मुलगी आहे ती," आई म्हणाली. "सोडायची नाही."

मी एकेक कलम वाचत गेले. काटा ठीक. उजेड ठीक. पाणी ठीक. मग आलं, दुकानात काम करणाऱ्या प्रत्येकाला आठवड्याची सुट्टी मिळते का?

"मिळते. सोमवारी बंद असतं," बाबा म्हणाले.

"सोमवारी हे भाजणी भाजतात," आई म्हणाली. "आमचं लग्न रविवारी झालं, यज्ञेश्वर साहेब. सोमवारी हे भाजणी भाजत होते."

"मी मालक आहे. मला लागू नाही."

"'प्रत्येकाला' लिहिलंय, बाबा. आता वशिला कोण लावतंय?"

बाबांनी कागद घेतला, चष्मा वर करून वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. सापडली होती चूक! "नापास," ते जवळजवळ आनंदाने म्हणाले. "साफ नापास. आता उपाय काय?"

"आजच्या दिवस सुट्टी घ्या."

बाबांनी एकदा गल्ल्याकडे पाहिलं. मग कमरेची किल्ली काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. ती कोमट होती. मला एकदम रडू आलं, म्हणून मी जोरात शटर वर ढकललं.

त्यानंतर नुसती धमाल. आई पुड्या बांधतेय, मी गल्ल्यावर, साहेब आवाज चढवून रांग लावतायत. मध्येच रांगेतली माणसं एकमेकांना कोपरं मारायला लागली. बघते तर बाबा रांगेत उभे! चपला घालून, हातांचं काय करायचं ते न सुचून. त्यांचा नंबर आला.

"पाव किलो चिवडा," ते घसा खाकरून म्हणाले. "जरा चव बघायला मिळेल का?"

"पाटी वाचली नाहीत?"

बाबा मागे वळले आणि स्वतःच्या अक्षरातली ती पाटी त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.

"कोणी लिहिलीय हो ही? भलताच उद्धट माणूस दिसतोय."

"आहेच," मी त्यांच्या हातावर चिमूटभर चिवडा ठेवत म्हणाले. "पण आज सुट्टीवर आहे."