पार्वतीच्या पायांतली धग

कट्टा गावच्या बाजारात पार्वती गेली पस्तीस वर्षं मासे विकते. सकाळी तारकर्लीहून टेम्पोत पाटी चढवायची, आपल्या ठरलेल्या जागी फणसाच्या लाकडाचा पाट टाकायचा, एक पाय मुडपून आणि दुसरा विळीवर दाबून बसायचं, आणि शेवटचा बांगडा जाईपर्यंत उठायचं नाही. बर्फाचं पाणी दिवसभर पायांखालून वाहत असायचं. त्यामुळे तिचे पाय सदाचेच गार. "मी मेलंय तरी पाय गार पडले म्हणान कोणाक कळूचा नाय," असं ती स्वतःच हसून सांगायची.

आणि त्या बुधवारी, ऐन गर्दीच्या वेळी, तिच्या मांडीपासून पोटरीपर्यंत काहीतरी गरम उतरलं. हळूच, कोमट पेज ओतावी तसं. हातातली सुरमई हातातच राहिली. एकसष्ट वर्षांच्या बाईच्या मनात अशा वेळी जे पहिल्यांदा येतं तेच तिच्याही मनात आलं आणि ती गोठली. भर बाजारात! समोर सहा-सात गिऱ्हाइकं! आता काही झालं तरी उठायचं नाही, हे तिने तिथल्या तिथे ठरवलं.

नेमके तेव्हाच सेबॅस्टियन मास्तर आले. मास्तर हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले, अंगाने बुटके, पण कोळणीसमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले की गलबताच्या डोलकाठीसारखे दिसायचे. पार्वती आणि मास्तर यांची घासाघीस हा बाजारातला बघण्यासारखा कार्यक्रम होता. ती भाव सांगणार, मास्तर त्याच्या निम्म्यावर येणार, ती त्यांच्या पेन्शनीचा उद्धार करणार, ते तिच्या माशाचे डोळे तपासणार. पाऊण तास सहज जायचा.

"ह्यो सरंगो केवड्याक?" मास्तरांनी नेहमीसारखी सुरुवात केली. पार्वतीने भाव सांगितला. मास्तरांनी निम्मा केला.

"घेवन जावा," पार्वती म्हणाली.

मास्तर जागच्या जागी उभे. "काय म्हणालंस?"

"तुमी म्हणशात ता द्या आणि जावा, मास्तरानू."

"तुका बरां नाय काय गो?"

"माका बरां आसा. तुमी जावा!"

हे ऐकून बाकीची गिऱ्हाइकं पुढे सरसावली. पार्वती कोणालाच नाही म्हणेना. अर्ध्या तासात पाटी रिकामी झाली. शेजारी बसणारी किशोरी डोळे वटारून बघत होती. "आज फुकट वाटूक बसलंस काय गो?" तिने विचारलं. गर्दी पांगल्यावर तिने हळूच लुगड्याखाली हात घालून चाचपलं. लुगडं कोरडं ठणठणीत. पायाला हात लावला, तर तो नेहमीसारखा माशागत गार. आणि हात लावलेला असतानाच आतून पुन्हा ती धग खाली सरकत गेली.

आता मात्र ती खरी घाबरली. पहिली भीती खरी निघाली असती तर लुगडं बदलून भागलं असतं. ह्याला काय करायचं?

तिने गळ्याची शपथ घालून किशोरीला सांगितलं. किशोरीच्या तोंडात तीळ भिजत नाही हे तिला ठाऊक होतं, पण दुसरं कोणी जवळ नव्हतं. टेम्पो तारकर्लीला पोचला तेव्हा बातमी आधीच पोचलेली होती. दारातच नवरा उभा. रामचंद्रने होडी विकून पाच वर्षं झाली होती. आता तो दिवसभर लोकांना सल्ले देई.

"तुजे पाय पेटलेत म्हणे?" त्याने विचारलं.

"पेटूक नाय. गरम लागतत."

"बाहेरचां आसा ह्यां," रामचंद्रने निकाल दिला. मुलगा निकेत, जो वाडीतच पर्यटकांसाठी चार खोल्यांचं लॉज चालवतो, तो म्हणाला डॉक्टरकडे जाऊ. बापलेकांचा थोडा वाद झाला आणि शेवटी आधी देव, मग डॉक्टर असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळासमोर वाडीतल्या दाजींनी देवाला गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने साकडं, घातलं. दाजी ऐंशीच्या घरातले. त्यांना एकदा लय सापडली की आवरणं कठीण. वाडीतली पंधरा-वीस माणसं जमली होती. त्यांत किशोरीही होती.

"बा देवा म्हाराजा!" दाजींनी सूर लावला. "आज ह्या तुज्या लेकराच्या, पार्वतीच्या पायाक जी काय धग लागता, ती घरातली असांदे, दारातली असांदे, वाटेवरची असांदे, दर्यातली असांदे..."

"व्हय म्हाराजा!"

"...नायतर बाजारात शेजाक बसणाऱ्या कोणाच्या डोळ्याची असांदे..."

"व्हय म्हा..." म्हणता म्हणता लोकांनी किशोरीकडे पाहिलं. किशोरीचं तोंड लाल झालं. दाजींनी ते मनात काही न ठेवता, ओघात म्हटलं होतं. पण ती तरातरा निघून गेली. त्या दिवसापासून तिने पार्वतीशी बोलणं टाकलं आणि बाजारात दोघींच्या मध्ये बर्फाचा खोका उभा केला.

तिकडे सेबॅस्टियन मास्तरांना तो स्वस्तातला सरंगा गोड लागला नव्हता. रात्री जेवताना त्यांनी मुलीला सांगितलं, "जॅनेट, पार्वतीन भाव करूक नाय. तिच्या जिवाक कायतरी झालां." जॅनेटचा कट्ट्यालाच दवाखाना. लहानपणापासून ती पार्वतीच्या हातचे मासे खात आली होती. तिने निकेतला फोन करून मायलेकांना बोलावून घेतलं.

जॅनेटने दीड तास तपासलं. गुडघ्यावर हातोडी मारली, तळव्याला सुई टोचली, पायाच्या नाडीवर बोट ठेवून घड्याळ बघितलं, रक्त काढून घेतलं. चार दिवसांनी सगळे कागद समोर मांडून ती दवाखान्यातल्या मराठीत म्हणाली, "काकी, साखर व्यवस्थित आहे, व्हिटॅमिन व्यवस्थित आहेत, नसांचंही काही दिसत नाही. सगळं नॉर्मल आहे."

"मगे गरम कित्याक लागतां?"

"कधी कधी कारण सापडत नाही."

पार्वतीला ते अपमानासारखं लागलं. "इतकी वर्सां शिकलंस ना गो, बाय? आणि एक कारण गावना नाय? माजो घोव चौथी नापास. तेका धा कारणां गावली!"

जॅनेट हसली आणि दवाखान्यातली मराठी सोडून दिली. "माका सांग, तू बाजारात बसतंस कशी?"

पार्वतीने तिथेच फरशीवर बैठक मारून दाखवली.

"किती वेळ?"

"सकाळी आठापासून मासळी सरेपर्यंत."

जॅनेटला ते खरं वाटेना. तीही एप्रन सावरून शेजारी तशीच बसली, एक पाय मुडपून, दुसरा पुढे. पाच मिनिटं दोघी गप्पा मारत बसल्या. मग डॉक्टरीणबाईंना उठता येईना. त्यांच्या डाव्या पायाला मुंग्या आल्या होत्या. शेवटी पार्वतीने एका हाताला आणि कंपाउंडरने दुसऱ्या हाताला धरून त्यांना उभं केलं.

"नस दबत असात," टेबलाला धरून जॅनेट म्हणाली. "नायतर नसात. पण ह्यां बसणां बंद. खुर्चेर बस. अर्ध्या तासान उठान चार पावलां चल. आणि पाय जड झालो, बधिर झालो, तर त्याच दिवशी माज्याकडे ये."

"खुर्चेर?" पार्वती म्हणाली. "मासे इकूक?"

कट्ट्याच्या बाजारात मासेवाली खुर्चीवर बसलेली कोणी पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी पाहिली. निकेतने लॉजवरची लाल प्लास्टिकची खुर्ची दिली होती. तिच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने लिहिलेलं होतं: 'फक्त पाहुण्यांसाठी'. पार्वती त्यावर पदर नीट करून बसली आणि सगळा बाजार बघायला आला. किशोरी अबोला धरूनच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बर्फाच्या खोक्याला म्हणाली, "काल पाय गरम झाले, आज खुर्ची इली. फाल्या डोक्यार पंखो होयो म्हणतली."

मास्तर आले. त्यांनी खुर्चीमागे जाऊन वाचलं. "'फक्त पाहुण्यांसाठी'. तू कोणाची पावणी गो?"

"माजीच," पार्वती म्हणाली. "बांगडे होये?"

मास्तर समोर येऊन कमरेवर हात ठेवून उभे राहिले, आणि काहीतरी चुकतंय असं त्यांना वाटलं. पार्वतीचं तोंड त्यांच्या तोंडाच्या जवळजवळ समोर आलं होतं. तीस वर्षं ते वरून खाली बघत भाव करत आले होते. त्यांनी चष्मा पुसला आणि ती म्हणाली तो भाव देऊन निघून गेले. पार्वतीला एवढी गंमत वाटली की त्या दिवशी पायांकडे तिचं लक्षच गेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर किशोरीकडे जाऊ लागले. किशोरी जमिनीवरच बसत होती, त्यामुळे त्यांची उंची परत आली. पहिल्या दिवशी किशोरीला विजय मिळाल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी, एका सुरमईवर पाऊण तास घालवल्यावर, तिच्या कपाळाची शीर उडायला लागली.

पार्वतीचंही सगळं सुरळीत नव्हतं. विळी खालीच होती. प्रत्येक मासा कापायला खुर्चीवरून उतरायचं, बैठक मारायची, कापायचं, पुन्हा वर चढायचं. पायांतली धग होती तशीच, अधूनमधून येई; त्यात आता गुडघ्यांची भर पडली. संध्याकाळी ती घरी कण्हत बसली तेव्हा रामचंद्रने तिच्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग तो उठून मागीलदारी गेला. तिथे एका मोडलेल्या होडीच्या फळ्या पडून होत्या. दोन दिवस ठोकाठोक आणि खिळ्यांना शिव्या चालल्या. तिसऱ्या दिवशी टेम्पोत, खुर्चीवर बसल्यावर कमरेला येईल इतक्या उंचीचं मेज चढलं. त्याच्या एका टोकाला विळी पक्की बसवलेली, दुसऱ्या टोकाला पाणी वाहून जायला पन्हळ. सल्ल्यांच्या पाच वर्षांत रामचंद्रने केलेली ही पहिली वस्तू होती, आणि ती झकास झाली होती.

किशोरीने दुपारपर्यंत कळ काढली. मग बर्फाचा खोका बाजूला सरकवून ती मेज बसवायला आलेल्या रामचंद्रसमोर उभी राहिली.

"भावजीनू, असलां एक माका करून देवा."

"देतंय."

"पण आदी तां डोळ्याचां मागे घेवा."

त्यासाठी पुन्हा दाजींना बोलवावं लागलं. दाजींनी असं गाऱ्हाणं आयुष्यात घातलं नव्हतं, तरी त्यांनी मार्ग काढला. "आणि बा म्हाराजा, मागच्या खेपेक शेजारणीच्या डोळ्याचां जां काय बोलान गेलां, तां आमच्या तोंडाची चूक समजान..." ह्या वेळी "व्हय म्हाराजा" सगळ्यांत मोठ्याने किशोरी ओरडली.

आता कट्ट्याला पाच मेजं आहेत, पाच खुर्च्या आहेत. सेबॅस्टियन मास्तर काही दिवस चिकन खात होते. मग परत आले आणि आता ते समोरासमोर, सभ्यपणे, दहा मिनिटांत भाव करतात. पार्वतीच्या पायांत ती ऊब अजून येते, कधी आठवड्याने, कधी दिवसातून दोनदा. खुर्चीवर येते तशी घरी झोपाळ्यावरही येते. जॅनेट दर तीन महिन्यांनी तपासते आणि कागदावर तेच लिहिते. पार्वतीला आता त्याचं भय वाटत नाही. आली की ती पाय जरा लांब करते, आणि गेली की आखडते.

बायकोला दवाखान्यात, देवळात, बाजारात सगळीकडे मिळालेला मान रामचंद्र बघत होता. एका संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "माज्या डाव्या खांद्यात हल्ली कायतरी थंड थंड लागतां."

पार्वतीने त्याच्या ताटात कढी वाढली. "बरां झालां. फाल्यापासून बर्फ इकत घेऊक नको."

सोमवारी रामचंद्र आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या गाडीने कट्ट्याला गेला आणि दवाखान्याचं दार उघडायच्या आधीच बाहेरच्या बाकावर नंबर लावून बसला.