फेरविचार कोण मागू शकतं

काट्याच्या टोकावर घेवड्याचा एकच दाणा, मेपलच्या पाकात शिजून तपकिरी झालेला, सालीला बारीकशी चीर – आणि तो तोंडाकडे न्यायचा की ताटलीत परत ठेवायचा एवढंही कोराला ठरवता येईना, कारण सकाळच्या मतदानापासून आतलं काहीतरी बाहेर यायला जागा शोधत होतं आणि त्याला ती मिळत नव्हती. गावाच्या वार्षिक सभेच्या मधल्या सुट्टीत शाळेच्या तळघरात लांब टेबलांवर सगळं गाव जेवत होतं. हॅम, घेवडा, कोबी, उकडलेले बटाटे. बुटांचा चिखल जमिनीभर. वरच्या व्यायामशाळेत घडीच्या खुर्च्या रिकाम्या, आणि विषय क्रमांक तेरा मंजूर होऊनही अजून अर्धा उघडा.

अर्धा उघडा, कारण जेवणाची सुट्टी देताना सभापती प्राउटी म्हणाले होते, "चौदावा विषय हाती घेईपर्यंत तेराव्याचा फेरविचार मागता येईल. मात्र जिंकलेल्या बाजूला ज्यांनी मत दिलं, त्यांनाच. हरलेल्यांनी निवांत जेवावं." बावीस वर्षं सभा चालवणारा माणूस, दरवर्षी हा नियम ह्याच शब्दांत सांगतो, दरवर्षी लोक हसतात. कोराही हसायची.

जिंकलेली बाजू. म्हणजे मी.

तेरावा विषय तिचाच होता. अख्खा हिवाळा, शाळेची बस चालवून ती जागेवर लावून झाली की ती ओडेटबरोबर दारोदार सह्या मागत फिरली होती – राज्यातल्या प्रत्येक माणसाला एकच सरकारी आरोग्य योजना, आणि येत्या गुरुवारी राजधानीत आपल्या आमदारानं तिला मत द्यावं, असा गावाचा आदेश. आमदार म्हणजे वेंडेल किट्रिज, चाळीस गाईंचा मालक, कुणाची गाडी चिखलात रुतली तर ट्रॅक्टर घेऊन आधी पोचणारा. तो आज सकाळी उठला आणि त्यानं दुरुस्ती सुचवली. 'एकच सरकारी योजना' काढा; 'परवडणारी आरोग्यसेवा, टप्प्याटप्प्यानं, झेपेल तशी' घाला. मग थेट तिच्याकडे बघून, सगळ्यांदेखत: "मूळ ठराव पडेल, कोरा. मी डोकी मोजलीत. हा तरी होईल."

हा तरी.

तिनं मतदानाचं कार्ड वर केलं होतं. तिचा हात बघून आणखी वीसेक हात वर गेले, तिनं पाहिलं ते. चौऱ्याण्णव विरुद्ध एकसष्ट. त्या एकसष्टांत निम्मे असे की ज्यांना काहीच नको होतं, आणि निम्मे असे की ज्यांना सगळंच हवं होतं, आणि ते आता एकाच टेबलाशी बसून एकाच तोंडानं वेंडेलला शिव्या घालत होते.

ओडेट आली ती ताटली आपटूनच बसली. चाळीस वर्षं परिचारिका होती, आवाज अजून वॉर्डातला. "अभिनंदन हो, जिंकलात."

"ओडेट, अगं –"

"झेपेल तशी म्हणे! माझ्या गुडघ्यांना विचार काय झेपलं ते. त्या बर्फात, त्या कुत्र्यांच्या अंगणांत… आणि तू कार्ड वर करतेस. माझ्याआधी."

"पडला असता तो."

"पडू द्यायचा होता. पडलेलं निदान दिसतं." ओडेटनं बटाट्याचे दोन तुकडे केले, मग चार. "आता तुलाच उठता येईल, कळतंय ना? आम्हा एकसष्टांना तोंड उघडायची सोय नाही. नियमच तसा. जो हो म्हणाला, त्यालाच पुन्हा विचारायचा हक्क. काय नियम केलाय बाई."

काट्यावरचा दाणा कधी पडला कुणास ठाऊक.

जो हो म्हणाला…

न्यायालयातली तिसऱ्या मजल्यावरची ती खोली, रेडिएटरची टकटक, आणि न्यायाधीश बाईंचा सर्दी झालेला आवाज: हा विवाह पुन्हा सांधता येणार नाही इतका तुटला आहे का? दोन वर्षं झाली. तिच्या नवऱ्याचा, एमिलचा, मज्जातंतूंचा आजार वाढत चालला होता, आणि तिचा बसचा पगार नि तिच्या नावचं घर त्याच्या अर्जात धरलं, तर त्याला सरकारी मदत मिळत नव्हती. एकट्या एमिलला मिळत होती. एकट्या, म्हणजे बायको नसलेल्या. कल्पना त्याचीच. स्वयंपाकघरात त्यानं ती अशी मांडली, जणू छपराचा गळका पत्रा बदलायचाय. आणि ती शपथेवर, स्पष्ट, न अडखळता म्हणाली होती – हो. इतका तुटला आहे. सव्वीस वर्षांचं सगळं त्या एका अक्षरात. मग खाली गाडीशी एमिल काठीवर रेलून म्हणाला, "चला घटस्फोटित बाई, भूक लागलीय," आणि ती दोघं गाडीत बसून इतकी हसली, इतकी, की काचा धुरकटल्या, आणि मग ती रडली तेही त्या धुरकटपणात कुणाला दिसलं नाही. घरी तीच पलंगाची डावी बाजू तिची, उजवी त्याची. गावात अजून ती मिसेस लाफ्लाम. कुणालाही ठाऊक नाही. ओडेटलासुद्धा.

म्हणजे दोनदा. दोनदा मी न पटलेल्या गोष्टीला हो म्हटलंय, आणि दोन्ही वेळा कारण तेच – हे तरी मिळेल.

आणि हे मनात येताच लाज वाटायला हवी होती, पण वाटली ती भलतीच गोष्ट: छाती भरून आली, कान तापले, हायस्कूलात शर्यतीच्या रेषेवर वाकलं की यायचं तसं. नियम उलटा फिरला होता. हो म्हणालेल्यालाच पुन्हा विचारता येतं. घटस्फोट घेतलेल्यालाच तर सांगता येईल, 'हे तरी' किती महाग पडतं ते –

"तू जेवत नाहीयेस," एमिल म्हणाला. तो कधी शेजारी येऊन बसला, काठी टेबलाला टेकवून.

"एमिल, मी उठून सांगितलं तर?"

त्यानं विचारलं नाही, काय. पाव मोडला, लोणी लावायला सुरीवर हात दोनदा घसरला. "मदत कचेरीतला कुणी ऐकेल. मग चौकशी. एकाच घरात राहता कसे, वगैरे."

"हो."

"आणि न्यायाधीश बाईंसमोर तू खोटं बोललीस, हेही सांगावं लागेल."

"तेच आधी सांगावं लागेल."

"आणि माझी सगळ्यांना कीव येणार. वेंडेल ट्रॅक्टर घेऊन येईल." त्यानं पाव तिच्या ताटलीत ठेवला. "मी नको म्हणणार नाही, हो पण म्हणणार नाही. मागच्या वेळी मी म्हटलं होतं. ह्या वेळी तुझं तू."

वेंडेल आलाच तेवढ्यात, कॉफीचे दोन पेले घेऊन, एक तिच्यापुढे ठेवत. "नाराज नाहीस ना?"

"तुम्ही खरंच मोजली होती डोकी?"

"तुझं सोडून." तो मान खाली घालून हसला. वाईट माणूस असता तर किती सोपं झालं असतं. "हे बघ, गुरुवारी गावाचं मत तेच माझं मत. आता निदान मला राजधानीतल्या ठरावाला सरळ नाही म्हणता येत नाही. तू पुन्हा उघडलंस आणि सगळंच पडलं, तर माझे हात मोकळे. आणि मोकळ्या हातांना तिथे फार जण धरायला येतात, कोरा."

वर घंटा झाली.

जिना. माणसांचा वास, ओल्या लोकरीचा, कॉफीचा. पुढे ओडेट, एकेक पायरीला कठडा धरत, मागे एमिल, काठी – पाय – पाय. कोरा वाक्य जुळवत होती. सभापती महाशय, मी बाजूनं मत दिलं होतं… नको. सभापती महाशय, दोन वर्षांपूर्वी मी… नको. पाहिलेली प्रत्येक पाठ ती मोजत होती, हा आपला, ही त्यांची, हा बहुधा. चौऱ्याण्णवांतले अठरा फुटले तर. पंधरा फुटले तर…

आणि खुर्चीत बसताना मोजणं चुकलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा चुकलं. कारण चेहरे चेहऱ्यांसारखे दिसायला लागले होते. तो, कान मोठे असलेला, त्यानं आमच्या लग्नात चर्चचं दार धरलं होतं. त्या दोघी बहिणी – केक त्यांनीच केला, एका बाजूला कलला होता. वेंडेल तर काळ्या सुटात, बाह्या आखूड, एमिलच्या शेजारी उभा. ओडेटच्या हातात फुलं. लग्नाला ही सगळी होती, आणि घटस्फोटाला एकही नव्हतं. तेव्हा ह्यांच्यापैकी एकालाही बोलवायचं कुणाला सुचलं नाही, आणि दोन वर्षं मला जे सलतंय ते बहुतेक हेच. आमच्यात काय तुटलं नाही हे ह्यांना अजून कुणी सांगितलंच नाहीये.

पोटातून हसू यायला लागलं. अठ्ठावीस वर्षांपूर्वीचं, नवरीच्या जाळीदार पडद्याआडचं, आईनं चिमटा काढून थांबवलेलं. तिनं ओठ दाबले. अठरा की पंधरा, तिला आता आठवेना, आणि आठवावंसंही वाटेना.

"काय झालं?" एमिल कुजबुजला.

प्राउटींनी चष्मा पुसला, कागद उचलला. "चौदावा विषय घेण्यापूर्वी –" आणि सवयीनं, दरवर्षीसारखे, कुणी फेरविचार मागतंय का म्हणून, समोर न बघताच क्षणभर थांबले.

किती मोठा होता तो क्षण. किती माणसं मावत होती त्यात.