नमुना ओट्यावर, माल गोदामात

नागप्पाकाका दुपारी दुकानात आले आणि खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले, "शिवरंजनी, तेवढा हिचा आवाज काढून दे."

मी वैतागलेच. कळंबच्या मोंढ्यामागं माझं कॉम्प्युटर टायपिंगचं दुकान, पुढ्यात दाखल्यांसाठी चार माणसं उभी, आणि आठ दिवसांतली काकांची ही पाचवी खेप. "काका, असता तर दिला नसता का म्या? वेबसाईटवर नुसतं लिहिलेलं हाय. गंगम्माकाकूंनी आवाज भरून वेबसाईटवर कधी चढवलाच न्हाय."

"ती म्हणायची, चढवलाय."

म्हणायच्या खऱ्या. वेबसाईट मीच करून दिली होती, दहा वर्षांपूर्वी. काकूंचं माहेर उमरग्याकडचं, बोलणं अर्धं कानडी, अर्धं मराठी, आणि हाताला अशी चव की येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, सगळ्या भाज्यांची भज्जी खायला शेजारच्या रानातली माणसं यांच्या कडब्याच्या कोपीत येऊन बसायची. काकांनी मोंढ्यातली धान्याची आडत बंद केल्यावर काकू रोज दुपारी माझ्याकडं यायच्या आणि एका बोटानं एकेक पदार्थ टाईप करायच्या. येताना पदराखाली काहीतरी झाकून आणायच्या, कधी धपाटं, कधी शेंगापोळी. किती चांगल्या गेल्या त्या दुपारी, आणि मला तेव्हा कामाची खोटी वाटायची.

फोल्डर त्यांना कळेनात, म्हणून मी त्यांच्याच आडतीवरनं समजावलं. "काकू, हे सगळं खातं म्हणजे तुमचं दुकान. एका फोल्डरात मेल, एकात कोण आलं-गेलं त्याच्या नोंदी. आणि हे पब्लिक एचटीएमएल म्हणजे दुकानापुढचा ओटा. ओट्यावर मांडाल तेवढं जगाला दिसतं, बाकीचं आत गोदामात." काकूंनी मान हलवली. मला वाटलं, एका दमात कळलं बाईला.

कळलं कसलं! पदार्थाखाली आवाजाचं बटण मी ठेवलेलं, ते कधी वाजलंच न्हाय. किती बोलले मी त्यांना. होत नसंल तर सांगा, मी करते, असंसुद्धा म्हणाले. त्या नुसत्या हसायच्या.

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. आवाज ज्यात भरला असंल तो त्यांचा मोबाईल सुनेनं नवा घेताना देऊन टाकला. आता वेबसाईटला जागा देणारी कंपनीच बंद होतेय, आज संध्याकाळी सगळं पुसलं जाणार. पब्लिक एचटीएमएल मी आधीच उतरवून घेतलं होतं. माझ्या लेखी काम संपलं होतं.

"माझ्यापुढं एकदा उघड," काका म्हणाले. "नसंल तर परत येणार न्हाय."

त्यांच्या समाधानासाठी उघडलं. बघा, हे पदार्थ, हे फोटो, संपलं. काकांनी चष्मा सारखा केला. "ती सांगायची तो हा ओटा झाला. गोदाम कुठंय?"

"गोदामात काय असणार, काका?"

"अगं, आडतवाला ओट्यावर काय ठेवतो? परातीत मूठभर नमुना. गिऱ्हाइकानं मागितलं की माल आतनं येतो. तीस वर्षं ती माझ्यासंगं दुकानात बसली. पोती बाहेर मांडंल व्हय ती?"

मी फोल्डरांत एक पायरी वर गेले. मेल, नोंदी, तात्पुरत्या फायली. आणि त्यांच्या रांगेत मी कधीच न केलेला एक फोल्डर, इंग्रजी अक्षरांत 'माल'. आत आवाजाच्या सव्वीस फायली.

 बटण दाबणाऱ्याला सर्व्हर आतनं आणून देईल, असं काकूंनी धरलं होतं, आणि तेही माझ्याच उदाहरणावरनं. तो सर्व्हर गोदामातलं असं देत नसतो, हे सांगायचं माझंच राहिलं. वर आत डोकावायचं सोडून त्यांनाच अडाणी ठरवलं. लई लाज वाटली मला.

"काका, चुकलं माझं."

"आधी उतरव," काका म्हणाले.

सगळ्या फायली उतरवल्या, दोनदा तपासल्या, मग पहिली लावली. आधी खरखर, मग भांड्याचा आवाज, मग काकू, अगदी शेजारी बसल्यासारख्या: "अवं, तेवढा पंखा बंद करा की. काय ऐकू येणार लोकांना?"

काका उठले आणि माझ्या दुकानातला पंखा बंद करून आले.